सहा वाकडी अक्षरे

करंगळीएवढ्या लांबीचे एक चित्र आपण आधी डोळ्यांसमोर आणू या. मागे राखाडी ठिपक्यांची जाळी, पहिल्या पावसात चिखलाचे शिंतोडे उडालेल्या चुन्याच्या भिंतीसारखी. तिच्यावर सहा आकृत्या. पहिली उजवीकडे कललेली, दुसरी तिच्या खांद्याला टेकलेली, तिसरी पोटाशी फुगलेली, चौथी ओळ सोडून खाली घसरलेली, पाचवी आणि सहावी एकमेकींत अशा गुंतलेल्या की एक कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते कळू नये. आणि या साऱ्यांच्या अंगावरून, या कडेपासून त्या कडेपर्यंत, वाऱ्यात डुलणाऱ्या विजेच्या तारेसारखी एक बारीक रेघ. खाली रिकामी चौकट: वर दिसणारी अक्षरे इथे भरा. आगगाडीचे तिकीट काढताना, मुलांचा निकाल पाहताना, एखादा दाखला काढताना हे चित्र आपल्याला भेटलेले असते आणि बहुतेक वेळा आपण त्याच्यावर चिडलेलो असतो. डोळे बारीक करून, पडद्याला जवळजवळ नाक टेकवून, दोनदा चुकून, तिसऱ्यांदा नवे चित्र मागवून आपण एकदाचे पलीकडे जातो आणि त्याला विसरतो. आज पलीकडे जायची घाई नाही. आज आपण या चित्रापाशीच बसू.

मी त्याच्यापाशी पहिल्यांदा बसलो ते राळेगाव तालुक्यातल्या एका गावात. दिवाळीच्या आधीचे दिवस होते. सोयाबीन निघून गेले होते, सीतादहीची पूजा होऊन कापसाची पहिली वेचणी सुरू झाली होती आणि रस्त्याकडेच्या बाभळींना गाड्यांतून उडालेले कापसाचे पुंजके अडकलेले होते. गावात ज्याला सगळे ‘सेतू’ म्हणतात ती पत्र्याच्या छताची खोली. टेबलावर एक संगणक, एक प्रिंटर, भिंतीवर कोणत्या कामाला कोणते कागद लागतात त्याची हाताने लिहिलेली यादी. खुर्चीवर पंचविशीतला मुलगा आणि त्याच्यासमोर प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक, आधार कार्ड आणि झेरॉक्सची चळत सांभाळत बसलेली एक आजी. तिच्या अर्जाचे पुढे काय झाले एवढेच पाहायचे होते. चित्र आले, मुलाने अक्षरे भरली, लाल ओळीत चूक दाखवली गेली आणि दुसरे चित्र आले. तेही चुकले.

“माय, थांब जराशी. पुन्हा चुकलं.”

“काहून रे बाबू? माह्यं नाव नाही का त्याच्यात?”

“नाव हाये वं. हे वरचं वाचता नाही येऊन रायलं.”

बाकावर नंबर लावून बसलेले दोघे-तिघे उठून पडद्याभोवती जमले. कोणी म्हणाले पाच आहे, कोणी म्हणाले एस आहे, कोणी विचारले कॅपिटल का स्मॉल. आजीही वाकली. इंग्रजी अक्षर तिने जन्मात कधी गिरवले नव्हते. ती बराच वेळ पाहत राहिली आणि मग, ते ओले असावे अशा बेताने बोट दोन इंच दूर धरून म्हणाली, “त्या दुसऱ्याच्या डोक्यावर कोपरा हाये. शेवटच्याच्या डोक्यावर वाक हाये. ते दोघं एक नाहीत.”

कोपरा आणि वाक. पाचाच्या आकड्याला वर एक आडवी पताका असते आणि ती पताका मानेला जिथे मिळते तिथे एक टोकदार वळण असते. एस या अक्षराच्या अंगात कुठेच टोक नाही, ते आरंभापासून शेवटापर्यंत एका वळणातून दुसऱ्या वळणात वाहत जाते. चित्र रचणारा काय करतो, तर पाचाचा तो कोपरा थोडा वितळवतो आणि एसच्या माथ्याला किंचित ताण देतो. दोघांना इतके जवळ आणतो की श्वासाएवढे अंतर उरावे. पण ते अंतर तो उरू देतो. ते पुसले तर चित्र कोणालाच वाचता येणार नाही आणि त्याचा हेतूच बुडेल. ख्याल गाणारा गायक स्वराला आंदोलने देतो, मींडेने ओढतो, एखाद्या स्वराला नुसता स्पर्श करून निसटतो, आणि तरी रागाचे रूप सुटू देत नाही. श्रोत्याच्या मनात ते रूप आधीपासून वसलेले असते म्हणून त्याला एवढी मोकळीक असते. या चित्रातही तीच मोकळीक आहे आणि तोच विश्वास आहे. अक्षर कितीही वाकवले तरी पाहणाऱ्याच्या मनात त्याचे मूळ रूप शाबूत असणार, या भरवशावर ही वाकडी आकृती उभी असते. आजीकडे मूळ रूप नव्हते. तिच्याकडे होती ती आयुष्यभर बोंडातून कापूस काढताना, काडीकचरा आणि कवडी वेगळी करताना तयार झालेली नजर, आणि ती नजर शाळेत गेलेल्या आमच्या नजरेच्या पुढे गेली.

अशी जुळी अक्षरे आणखीही आहेत, आणि त्यांनी खेड्यापाड्यांतल्या सेतूंचा किती वेळ खाल्ला असेल याचा हिशेब नाही. शून्य आणि ओ. एक, लहान एल आणि मोठा आय. दोन आणि झेड. लहान जी आणि नऊ. आर आणि एन जवळ आले की झालेला एम. बँकेच्या आयएफएससी संकेतांकात अकरा खुणा असतात आणि त्यातली पाचवी नेहमी शून्यच असते. तरी ओ टाकून पैसे अडकवून बसलेली माणसे मी पाहिली आहेत. मोटारींच्या क्रमांकपट्ट्यांवर मात्र हा घोळ आधीच ओळखला गेला: आपल्या यवतमाळच्या ‘एमएच २९’ पुढे जी अक्षरे येतात त्यांत आय आणि ओ वापरत नाहीत. रस्त्यावरून धावणारी पट्टी क्षणात वाचता यावी म्हणून केलेली ही काळजी मला फार आवडते. काही चित्रे रचणारेही ही जुळी वगळतात. ज्यांनी वगळली नाहीत त्यांच्या चित्रापुढे आपण थबकतो, आणि त्या थबकण्यात आपली काही चूक नसते.

आता ती रेघ पाहू. चिडलेल्या डोळ्याला ती केवळ खोडसाळपणा वाटते, पण सगळ्या चित्राचे मर्म तिच्यात आहे. एकटे सुटे अक्षर ओळखायला यंत्राला फारसे कष्ट पडत नाहीत. २००५ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी माणूस आणि यंत्र यांची तुलना केली तेव्हा सुट्या, वेड्यावाकड्या अक्षराच्या बाबतीत यंत्र माणसाच्या तोडीस तोड किंवा सरस निघाले. यंत्र अडते ते अक्षराअक्षरांतली सीमा शोधताना, एक कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले हे ठरवताना. म्हणून अक्षरे एकमेकांना चिकटवायची, आणि सगळ्यांवरून एक रेघ ओढायची, म्हणजे सहा वेगळ्या आकृत्यांची एक अखंड आकृती होते.

सहा अक्षरे आणि त्यांना एकत्र बांधणारी एक आडवी रेघ. आपण मराठी वाचणारे. हे वाचून आपल्याला थांबावेसे वाटत नाही का? ज्या युक्तीने तिकडे यंत्राची वाट अडवली, ती आपल्या लिपीत शतकानुशतके प्रत्येक शब्दाच्या माथ्यावर आहे. शिरोरेषा! कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी. बी. चौधुरी आणि उमापद पाल यांनी १९९० च्या दशकात बांगला आणि देवनागरी छापील मजकूर संगणकाकडून वाचून घेण्याची पद्धत बसवली, तेव्हा त्यांच्यासमोरचे एक महत्त्वाचे काम होते ते ही रेषा शोधून दूर करण्याचे; ती पुसली की एकसंध शब्दाची सुटी अक्षरे होतात आणि मग यंत्राला ती ओळखता येतात. आपले पहिलीतले मूल याच्या उलट करते. ते अक्षरे काढते आणि मग जीभ दातांत धरून, पट्टीशिवाय, त्यांच्यावरून रेघ ओढते. शब्द पुरा झाला याचा आनंद त्या रेघेच्या शेवटी असतो. एकच रेघ, यंत्राला अडसर आणि मुलाला आधार.

आणि मोडी आठवली की हा आनंद आणखी रुंदावतो. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घेई आणि मग लेखणी शक्यतो न उचलता त्या रेघेखाली अक्षरे धावती ठेवी. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, एका अक्षराची शेपटी पुढच्या अक्षराच्या गळ्यात. आपण ज्या चित्रावर चिडतो त्याची सगळी लक्षणे इथे पानभर आहेत. ती कोणाला अडवायला नव्हती, लिहिण्याच्या वेगातून आली होती. पण वाचणाऱ्याकडून मागणी तीच, की सुटे अक्षर पाहू नकोस, ओघ पाहा. घरच्या ट्रंकेत वारशाने आलेला मोडी कागद जाणकाराकडे नेऊन बसलेले कुटुंब ज्यांनी पाहिले आहे त्यांना तो क्षण ठाऊक असेल: जाणकार कागद थोडा दूर धरतो, ओठ न हलवता एक ओळ वाहू देतो, आणि मग अचानक एक नाव उच्चारतो, त्या घराचेच आडनाव. सगळी खोली पुढे झुकते. २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, तिची अक्षरे संगणकावर उमटवण्याची वाट खुली झाली; पण तो कागद वाचायला आजही असा दूर धरणारा हात लागतो.

या चित्रांचा जन्मही अशाच उलट्या वाटेने झाला. १९९७ साली अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राच्या सूचीत कोणीतरी यंत्रांकरवी पत्त्यांचा मारा करू लागले, तेव्हा आंद्रेई ब्रोडर आणि त्यांचे सहकारी उपाय शोधत होते. त्यांनी स्कॅनरसोबत येणारी पुस्तिका उघडली. अक्षरे नीट वाचली जावीत म्हणून काय करावे, हे तिच्यात सांगितलेले होते: ठसा एकसारखा ठेवा, पार्श्वभूमी स्वच्छ ठेवा, कागद सरळ ठेवा. त्यांनी त्यातला प्रत्येक सल्ला उलटा केला. ठसे मिसळले, पार्श्वभूमी मळवली, ओळ तिरपी केली. पुढे २००० साली याहूच्या गप्पांच्या खोल्यांत यंत्रे माणसांचे सोंग घेऊन शिरू लागली आणि हा प्रश्न कार्नेगी मेलन विद्यापीठात मान्युएल ब्लम आणि त्यांचा ग्वाटेमालाहून आलेला तरुण विद्यार्थी लुईस फॉन आन यांच्यापुढे आला. कॅप्चा हे नाव त्यांचे. संगणक आणि माणूस यांना वेगळे ओळखणारी, पूर्णपणे स्वयंचलित, सर्वांना खुली अशी ट्युरिंग चाचणी, या लांबलचक इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांतून ते घडवलेले आहे. ॲलन ट्युरिंगने १९५० साली मांडलेल्या कल्पनेत प्रश्न विचारणारा माणूस होता आणि पलीकडे यंत्र आहे की माणूस ते त्याने ओळखायचे होते. इथे आसने बदलली. प्रश्न यंत्र विचारते, आणि आपले माणूसपण सिद्ध करायचे ते आपण.

आपल्याला येणाऱ्या चिडीचे मूळ मला इथे दिसते. अक्षर वाचता आले नाही एवढ्याने माणूस इतका दुखावत नाही. सहाही अक्षरे मनापासून भरावीत आणि समोरून लाल ओळीत पुन्हा प्रयत्न करा असे यावे, तेव्हा नकार अक्षरांना नसतो, आपल्याला असतो. कचेरीच्या दारात शिपायाने नाव न विचारता थांबवावे, तसे वाटते. त्या आजीने ‘माह्यं नाव नाही का त्याच्यात’ असे विचारले ते याच जागेवरून.

या चित्रांच्या इतिहासात एक काळ मात्र असा आला की त्या क्षुल्लक श्रमाला एक विलक्षण अर्थ मिळाला, आणि मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत रसाळ वाटतो तो हा भाग. फॉन आन यांनी हिशेब केला होता: जगात रोज सुमारे २० कोटी वेळा माणसे अशी चित्रे वाचतात, दर वेळी सुमारे १० सेकंद जातात, म्हणजे रोज ५ लाखांवर तास. या वाया जाणाऱ्या तासांची त्यांना खंत वाटली. २००७ साली त्यांनी एकाऐवजी दोन शब्दांचे चित्र आणले. एक शब्द यंत्राला माहीत असलेला. त्यावरून तुमची पारख व्हायची. दुसरा जुन्या छापील पानावरून उचललेला, शाई पसरल्यामुळे किंवा कागद पिवळा पडल्यामुळे यंत्राला न लागलेला. कोणता कोणता हे तुम्हाला सांगितले जात नसे. पहिला बरोबर आला की दुसराही तुम्ही प्रामाणिकपणे वाचला असे धरायचे, अनेक माणसांची उत्तरे जुळली की तो शब्द पक्का. अशा रीतीने न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक शब्दशब्दाने वाचले गेले, आणि २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात या पद्धतीची अचूकता ९९ टक्क्यांहून अधिक असल्याचे प्रसिद्ध झाले. २००९ मध्ये गूगलने ती विकत घेतली आणि गूगलच्या पुस्तकांच्या संग्रहालाही हे वाचन लाभले.

त्या दिवसांत मी यवतमाळच्या एका नेट कॅफेत, ताशी भाडे मोजत, लाकडी फळ्यांनी बंदिस्त केलेल्या कोंदट कप्प्यात बसून असे कितीतरी जोडशब्द भरले आहेत. एकाची कड तुटलेली असे, एकाच्या मधोमध शाईचा थेंब. मी वैतागत असे, कारण घड्याळ चालू असे. आज कळते की त्यांतला एखादा शब्द कदाचित शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कोण्या जुळाऱ्याने खिळे जुळवून बसवलेला असेल. समुद्रापलीकडच्या त्या अनोळखी हाताने जे लिहिले ते दत्त चौकापासून हाकेच्या अंतरावर बसलेल्या एका मुलाने वाचून दिले, आणि दोघांनाही ते कळले नाही. हे कळल्यापासून माझ्या मनात एक इच्छा घर करून आहे. बापूजी अणे यांनी १९१८ च्या सुमारास याच यवतमाळात ‘लोकमत’ सुरू केले. त्या काळातली आपली वर्तमानपत्रे, त्यांची तुटकी जोडाक्षरे, उडालेले अनुस्वार, पुसट मात्रा, हे सारे कोणी असे दोन-दोन शब्द करून आपल्यापुढे ठेवले तर? मराठी माणसाने दिवसातून दोन शब्द वाचून द्यायचे. मी कंटाळा न करता वाचेन.

अक्षरांनंतर चौकोन आले. नऊ तुकडे, वाहतुकीचे दिवे असलेले निवडा, पादचारी पट्टे निवडा, पिवळी बस निवडा. ही चित्रे पाहताना आपण क्षणभर परक्या गावात उभे असतो. पदपथाच्या कडेला उभा असलेला तो बुटका लाल नळ, आग विझवायचा पाणीपुरवठा, आमच्या घाटंजी-पांढरकवड्याच्या माणसाने फक्त या चौकोनांतच पाहिलेला असतो, आणि तरी दोन-तीनदा चुकून तो त्याची ओळख करून घेतो. कधी ट्रॅक्टर विचारला जातो, तेव्हा सेतूतले सगळे बाक एकदम बोट दाखवते.

पण खरी मौज कडेच्या चौकोनात आहे. दिवा एका चौकोनात मावलेला असतो; त्याचा खांब खालच्या चौकोनात उतरतो आणि दिव्याची एक कड, नखाएवढी, शेजारच्या चौकोनात शिरलेली असते. आता खांबाला दिवा म्हणायचे का? त्या नखाएवढ्या कडेला म्हणायचे का? बोट अधांतरी थांबते. हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. राजा मिलिंद रथात बसून आला तेव्हा भिक्षू नागसेनाने त्याला विचारले की आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का. आणि राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला. मग रथ कुठे आहे? नैयायिकांनी अवयव आणि अवयवी यांचा वाद घातला तोही याच बोटावर येऊन टेकतो. मिलिंदाला वेळ होता, समोर बोलणारा माणूस होता. आपल्याला तीच शंका सेकंदात सोडवायची असते, आणि उत्तर बरोबर की चूक हे कारण न सांगता कळवले जाते. तरीही त्या अधांतरी बोटात जो संदेह आहे तो मला मोलाचा वाटतो.

चित्राशेजारी कधीकधी एक लहान खूण असते, कानाला लावायच्या यंत्राची. ती दाबली की आवाज येतो: घरघर, कुजबुज, मागे कोणीतरी बोलत असल्याचा भास आणि त्यातून वर येणारे आकडे. यवतमाळच्या एसटी स्थानकावर उद्घोषणेचा भोंगा खरखरत असतो, रसवंतीची घुंगरे वाजत असतात, पोरे रडत असतात, आणि तरी ‘दारव्हा’ हा एकच शब्द दारव्ह्याला जाणाऱ्याच्या कानात नेमका शिरतो आणि तो पिशवी उचलून धावतो. गर्दीतून एकच आवाज निवडून घेण्याचे हे कौतुक कॉलिन चेरी या शास्त्रज्ञाने १९५३ साली प्रयोगांनी तपासले होते. ही खूण त्या कौतुकावर उभी आहे. पण ती सगळीकडे नसते, आणि इथे माझे मन आनंदातून बाहेर येते. ज्याला दिसत नाही त्याच्यासमोर नुसते चित्र ठेवणे म्हणजे दाराला कडी लावून आत या म्हणणे. जागतिक जाळ्याची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने २००५ सालीच हे लिहून ठेवले. ३० एप्रिल २०२५ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. एक दृष्टिहीन तरुण मित्र आहे माझा, संगणक माझ्यापेक्षा सफाईने वापरणारा. पडद्यावरचे सगळे त्याचा संगणक त्याला वाचून दाखवतो, फक्त एका जागी गप्प होतो. ‘चित्र’ एवढेच म्हणतो. तेव्हा तो मला फोन करतो आणि मी त्याला सहा अक्षरे वाचून सांगतो. त्या वेळी त्याच्या आवाजात जे असते ते मला कधी विसरता येत नाही.

२०१४ साली गूगलनेच सांगितले की त्यांचे यंत्र अतिशय विकृत केलेली अक्षरेही ९९.८ टक्के बरोबर वाचते. म्हणजे ज्या चित्रापुढे आजी, मुलगा, मी आणि बाकावरची मंडळी अडलो, ते यंत्राला आता अडवतही नव्हते. मग आली ती एक चौकट, मी यंत्र नाही असे म्हणत खूण करायची. मागून आपला माउस कसा हलला वगैरे पाहून निवाडा केला जातो. सोय झाली हे खरे. पण मला त्या जुन्या अक्षरांची माया सुटत नाही. ती निदान समोर येऊन विचारीत होती, आणि आपल्याला काय विचारले आहे हे आपल्याला दिसत होते.

आणि विचारायचेच असेल तर आपल्या अक्षरांत विचारा, असे मला फार वाटते. आपल्या भाषेत केवढे बारकावे दडलेले आहेत. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ घ्या. एकात रफार डोक्यावर चढून बसलेला आहे, दुसऱ्यात र आपल्या पुढच्या य ला चंद्रकोरीसारखा येऊन भिडलेला आहे. पहिल्यात समुद्र, दुसऱ्यात डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’: एकीकडे गुरुजन, दुसरीकडे पंगतीचा स्वयंपाक करणारे. केवळ एका र च्या बसण्यात एवढे जग पालटते. ळ या अक्षराच्या दोन गोलाईंकडे कधी निवांत पाहा, ज्ञ मधली गुंतागुंत पाहा. ‘यवतमाळ’ असे लिहून थोडे वाकवून समोर ठेवले तर सेतूतल्या कोणालाही विचारावे लागणार नाही की कॅपिटल का स्मॉल.

तर त्या दिवशी तिसरे चित्र पडद्यावर होते. मुलाने आजीकडे एकदा पाहिले, दुसऱ्या जागी पाच टाकला, शेवटी एस टाकला, मधली अक्षरे आम्ही सगळ्यांनी मिळून एकेक म्हणत गेलो. त्याने बटण दाबले. पान पांढरे झाले, गोल चक्र फिरत राहिले, आणि मग आजीचे नाव आले, तिच्या नवऱ्याचे नाव आले, गावाचे नाव आले आणि खाली अर्ज मंजूर असल्याची एक ओळ.

“आलं का बाबू?”

“आलं, माय. तुह्या कोपऱ्यानं आलं.”

प्रिंटर घरघरला. आजीने कागद हातात घेऊन आधी उलटा, मग सुलटा पाहिला, दोन घड्या घालून पिशवीत ठेवला आणि उठताना पुन्हा एकदा पडद्याकडे वळली. तिथे बाकावरच्या पुढच्या माणसासाठी नवे चित्र आलेले होते, हिरव्या ठिपक्यांवर सहा निळी अक्षरे. ती दारापर्यंत गेलेली परत आली आणि त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली.

“थांब,” ती म्हणाली, “हे बी पाहू दे.”